बाईंची उजवी बाजू

माझ्या धाकट्या भावाने लग्न केलं नाही, तरी आमच्या घरात अकरा वर्षं एका बाईचा विषय सकाळ-संध्याकाळ निघायचा. "बाई आज नीट जेवली नाही." "बाईचा मागचा पाय गरम लागतोय." "ताई, बाई माझ्यावर रुसलीय, सकाळपासून पाठ करून उभी आहे." आमच्या पोस्टमनने एकदा दारात उभ्या उभ्या हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि हलक्या आवाजात मला म्हणाला, "वहिनींची समजूत काढा हो कुणीतरी." मी म्हटलं, "वहिनी तबेल्यात आहेत, तुम्हीच जाऊन काढा." तो बिचारा पुढे महिनाभर आमची पत्रं फाटकातच अडकवून जायचा.

बाई म्हणजे घोडी. गडद तपकिरी, उंच, पुढच्या एका पायाला मोजा घातल्यासारखा पांढरा पट्टा. घोडेस्वारी शिकवणाऱ्या शाळेच्या वहीत तिचं एक लांबलचक भारदस्त नाव होतं, पण ते कुणाला धड म्हणता यायचं नाही. ती आली त्या दिवशी धाकट्याने तिच्यापुढे गवत टाकलं. तिने ते हुंगलं आणि मान वळवून त्याच्याकडे असं काही पाहिलं, की त्याला गृहपाठ न करता वर्गात गेल्यासारखं वाटलं म्हणे. तेव्हापासून ती बाई. धाकटा तिथला मोतद्दार होता, म्हणजे घोड्यांना खाऊपिऊ घालणं, खरारा करणं, खूर साफ करणं, दुखलंखुपलं बघणं ही त्याची नोकरी. तबेल्यात नऊ जनावरं होती आणि आपण सगळ्यांचं अगदी सारखं करतो असं तो छातीठोकपणे सांगायचा. आमची आईसुद्धा आम्हा दोघांना असंच सांगायची आणि साय मात्र धाकट्याच्या ताटात पडायची.

मी शिवणकाम करते. नवरा गेल्यावर मशीन घेऊन धाकट्याकडे राहायला आले, तबेल्यामागच्या दोन खोल्यांत. एका खोलीत माझे शाळांचे गणवेश, दुसऱ्या खोलीत त्याचे लगाम, पट्टे आणि तेलाचे डबे. माझ्या कपड्यांना चामड्याचा वास आणि त्याच्या खोगिरावर माझ्या टाचण्या. त्यावरून आमची रोज एकदा तरी जुंपायची, आणि नाही जुंपली तर दोघांनाही चुकल्यासारखं व्हायचं.

धाकट्याला उजव्या कानाने ऐकू येत नाही. सात वर्षांचा असताना त्याला गालगुंड झालं. ताप उतरला तो कान घेऊनच उतरला. घरात आम्ही सगळे हळूहळू त्याच्या डावीकडे बसायला लागलो. त्याला वाईट वाटू नये म्हणून कारण कुणी बोलून दाखवलं नाही, आणि पुढे तर सवयच लागली. मीसुद्धा रस्त्याने चालताना न चुकता त्याच्या डाव्या हाताला असते.

बाहेरच्या माणसांना हे कोण सांगणार? चाऱ्याच्या दुकानात एक मुलगी कामाला होती, हसतमुख, कामाला दणकट. एकदा ती गवताच्या पेंढ्या पोचवायला आली आणि मैदानाच्या कडेच्या बाकावर त्याच्या उजवीकडे बसली. काहीतरी बोलली. हा समोरच्या एका घोड्याच्या लंगड्या चालीकडे बघत होता. ती थोडा वेळ थांबली आणि उठून गेली. कितीतरी वर्षांनी, तिची मुलं मोठी झाल्यावर, ती मला दवाखान्यात भेटली आणि म्हणाली, "तुमच्या भावाला मी स्वतः तोंडाने विचारलं होतं हो. 'नाही' एवढं तरी म्हणायचं." मी घरी येऊन त्याला सांगितलं. तो भाजी चिरत होता, तसाच चिरत राहिला. मग म्हणाला, "आता तिला काही सांगू नकोस. उगाच जिवाला लावून घेईल."

असा माणूस. बोलायला कमी, पण घोड्यापाशी गेला की त्याचा चेहराच बदलायचा. इतर लोक घोडा बघायचा म्हणजे आधी पाय बघतात. हा आधी लीद बघायचा. रंग, वास, ओल, सगळं. मग ओठ वर करून हिरडीवर अंगठा दाबायचा आणि पांढरी पडलेली जागा परत गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते मनात मोजायचा. मग चारी पायांवरून वरून खाली हात फिरवून कुठे ऊब आहे का ते बघायचा. शेवटी पोटाला कान लावायचा. घोड्याचं पोट सतत गुडगुडत राहिलं पाहिजे, ते गप्प झालं की काळजी करायची, असं तो म्हणायचा. मग घोडा काल कुणाबरोबर चरला, कुणाशी भांडला, कुणी त्याच्यावर ओरडलं का, याची चौकशी. मी म्हणायचे, "एवढी विचारपूस माझी कधी केली नाहीस." तो म्हणायचा, "तू बोलतेस ना तोंडाने."

बाईपाशी तर तो जरा जास्तच रेंगाळायचा. ती खात असताना तो तिच्या मानेपाशी उभा. शिकणारी पोरं एका बाजूने रिकिबीत पाय घालून चढत असताना हा दुसऱ्या बाजूला, तिच्या गालावर हात ठेवून. एका थंडीत त्याने माझ्याकडून तिच्यासाठी झूल शिवून घेतली, पाठीवरून पोटाखाली बांधायची, जाड कापडाची. माप घ्यायला मी तबेल्यात गेले तेव्हा त्याने बोटाने दाखवलं, "बकलं इकडे लाव, मला हाताशी पाहिजेत." गिऱ्हाईक सांगेल तिथे मी बकल लावते. लावली.

मग म्हातारे मालक अंथरुणाला खिळले आणि त्यांच्या मुलाने शाळा बंद केली. मुलगा वाईट नव्हता. धाकट्याला म्हणाला, "काका, तुम्ही आहात तोवर मागचं आवार आणि दोन खोल्या तुमच्याच. एखादं जनावर ठेवावंसं वाटलं तर खुशाल ठेवा." पण हे त्याने म्हणेपर्यंत आठ घोडे विकले गेले होते आणि नववीचं, म्हणजे बाईचं, ठरून गेलं होतं. दोन तासांच्या अंतरावर एक दातांची डॉक्टरीण होती, तिला लहानपणापासून घोड्याची हौस, तिने बाईला पसंत केलं होतं. धाकटा एक शब्द बोलला नाही. मी त्याला म्हटलं, "अरे, सांग ना मालकांना, ही मला द्या म्हणून." तो म्हणाला, "त्यांनी शब्द दिलाय ताई. आता मी मागितली तर ते अडचणीत येतील." मला असल्या सभ्यपणाचा मनस्वी राग येतो.

ट्रक आला. बाई फळीवर पाय ठेवायला तयार नव्हती. धाकटा तिच्या शेजारून चालत वर गेला तशी तीही गेली, आणि मग तो एकटा खाली उतरला. ट्रक फाटकाबाहेर गेल्यावर तो तिच्या खणात गेला, लीद काढली, खण धुतला. दुसऱ्या दिवशीही धुतला. तिसऱ्या दिवशी धुण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी बादली घेऊन गेला.

पुढचे सात महिने मी एका भिंतीबरोबर काढले. त्याने त्रागा केला असता तर मला चाललं असतं. तो वेळेवर जेवायचा, माझे गणवेश शाळांना पोचवायचा, नळाचा वायसर बदलायचा. पण रस्त्यावर मोठं वाहन थांबल्याचा आवाज आला, की घास हातात तसाच राहायचा आणि मान फाटकाकडे वळायची. वाहन पुढे गेलं की घास तोंडात. दिवसातून किती वेळा, ते मी मोजायचं सोडून दिलं. संध्याकाळी तो मागच्या रिकाम्या आवारात कुंपणाला टेकून उभा राहायचा आणि त्याचा एक हात आपोआप हवेत, गालाच्या उंचीवर जायचा. ते बघवायचं नाही. मला घोड्यांचं काडीचं वेड नाही, वास तर मुळीच आवडत नाही, पण त्या सात महिन्यांत ती घोडी परत यावी असं मला त्याच्याइतकंच वाटायला लागलं. मला माझा भाऊ परत हवा होता आणि तो तिच्याबरोबर ट्रकमधून गेला होता.

एका दुपारी फोन आला. मीच उचलला. "मी डॉक्टर बोलतेय, दातांची."

"घोडीच्या दातांची?" माझ्या तोंडून निघून गेलं, कारण माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच.

"माणसांच्या," ती म्हणाली, पण हसली नाही. बाईचं खाणं निम्म्यावर आलं होतं. बरगड्या दिसायला लागल्या होत्या. खोगीर घालायला गेलं की जागच्या जागी गोल फिरायची. दोनदा डॉक्टरला भिंतीशी चेपलं होतं, एकदा दंडाला चावली होती. रक्त तपासलं, पोट तपासलं, दात तर तिने स्वतःच तपासले. कशातच काही नाही. "मावशी, माझ्याकडून होईल ते सगळं मी केलं," ती म्हणाली आणि तिचा आवाज चिरकला. "काकांनी एकदा येऊन बघावं. नाहीच जमलं तर तिला परत घेऊन जा. ती गेलेली मला सोसेल, पण ही अशी झुरताना नाही बघवत."

मी फोन ठेवला आणि धाकट्याला सांगितलं. शेवटचं वाक्य त्याने मला दोनदा म्हणायला लावलं. मग उठून त्याने दाढी केली, भर दुपारी. खुंटीवरची, बाईच्या तोंडाला बांधायची जुनी म्होरकी काढली, तेल लावून म्होरकीचं चामडं मऊ केलं आणि पिशवीत घातली. मागच्या आवारातलं तण त्याने संध्याकाळपर्यंत उपटून काढलं. मी पाण्याची टाकी घासली. माझ्या वयाला आणि गुडघ्यांना ते शोभत नव्हतं, पण त्या संध्याकाळी तो सात महिन्यांनी पहिल्यांदा माझ्याशी भांडला, टाकी नीट घासली नाही म्हणून. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने गेलो. थांब्यावरून खडीचा कच्चा रस्ता, दोन वळणं, आणि मग लाकडी कुंपणाआड मोठं कुरण. डॉक्टर फाटकाशीच उभी होती. पन्नाशीतली, पायात रबरी बूट, दंडाला पट्टी. शेडमध्ये तिने सगळं मांडून ठेवलं होतं. भिंतीवर रोजच्या खाण्याचा तक्ता, फळीवर मालिशच्या तेलांच्या बाटल्या, वाळवलेल्या पाल्याच्या बरण्या, जवस, कोपऱ्यात लहानसा रेडिओ. "सकाळी तिला संथ गाणी लावते," ती जरा लाजून म्हणाली. "मी सगळं होलिस्टिक करते, काका."

"ते काय असतं?" धाकट्याने विचारलं.

"म्हणजे नुसता आजार बघायचा नाही. पूर्ण घोडा बघायचा."

धाकटा विचारात पडला. "मग बाकीचे किती बघतात?"

त्याने अगदी मनापासून विचारलं होतं. डॉक्टर आधी गोंधळली आणि मग हसली, आणि मला ती थोडी आवडली. मला ती आवडायला नको होती.

बाई खणात पाठ करून उभी होती. माकडहाड वर आलेलं, कातडीची चमक गेलेली. धाकटा दारात थांबला. तिचे कान आधी वळले, मग मान, मग ती सगळीच वळली आणि तिने कपाळ त्याच्या छातीवर असं दाबलं की तो दोन पावलं मागे ढकलला गेला. "किती गं वाळलीस," तो म्हणाला. एवढंच म्हणाला, पण ते ज्या आवाजात म्हणाला तो आवाज मी आई गेली तेव्हा ऐकला होता. मग तो तिच्या मानेपाशी जाऊन उभा राहिला, मूठभर गवत उचललं आणि तिच्यापुढे धरलं. तिने खाल्लं. आणखी धरलं, तेही खाल्लं. मग ती स्वतःच गव्हाणीत तोंड घालून खायला लागली, कडाकडा, आवाज करत. डॉक्टरने तोंडावर हात धरला. "दोन महिन्यांत हिला असं खाताना बघितलं नाही मी," ती म्हणाली.

मी मनात म्हटलं, जमलं. घोडी आमची.

तेवढ्यात डॉक्टरची नजर खुंटीवरच्या झुलीकडे गेली. "ही किती सुंदर शिवलीय," ती म्हणाली. "फक्त शिवणाऱ्याने बकलं चुकून उलट्या बाजूला लावलीत. घोड्याचं सगळं डावीकडून करतात ना. मला दर वेळी वळसा घालून पलीकडे जावं लागतं. बकलं लावीपर्यंत शहाण्यासारखी उभी असते, आणि मी अलीकडे आले रे आले की परत गोल गोल सुरू."

चुकून! बेचाळीस वर्षं शिवतेय मी. पुरुषाचं बटण कुठे, बाईचं कुठे, हे मी झोपेत सांगेन. माझं डोकंच फिरलं. "चुकून नाही लावलेली," मी म्हटलं. "याने सांगितलं तिथे लावलीत. हा कायम त्याच बाजूला उभा असतो."

आणि वाक्य तोंडातून बाहेर पडलं तशी मी जीभ चावली.

डॉक्टरच्या काही लक्षात आलं नाही. ती बिचारी माझी माफी मागत "चहा टाकते" म्हणून घराकडे गेली. धाकटा मात्र जागच्या जागी थिजला होता. त्याने आपल्या पायांकडे बघितलं, मग बाईकडे, मग पलीकडच्या रिकाम्या जागेकडे.

"ताई, मी नेहमी हिच्या उजवीकडेच असतो?"

"नेहमी."

"का?"

"का म्हणजे? तुझा उजवा कान गेलाय वेड्या. तुला तिचा श्वास ऐकायचा असतो, चघळणं ऐकायचं असतं. ती तुझ्या डाव्या कानाशी पाहिजे, म्हणून तू तिच्या उजवीकडे."

जन्मभर घोड्यांत काढलेल्या माणसाला हे माहीत नव्हतं. जगातले सगळे मोतद्दार डावीकडून घोडा धरतात आणि आमचे बंधुराज अकरा वर्षं उलटे उभे होते, आणि त्यांना ते कुणी सांगितलं नाही. तो हळूहळू बोलायला लागला, स्वतःशीच बोलावं तसा. "म्हणजे ती घाबरून फिरत नाही. तिच्या उजवीकडे कुणी नाही म्हणून ती वळून बघते. तिथे नाही म्हणून आणखी वळते. ती मला शोधतेय, ताई. सात महिने गोल फिरून शोधतेय."

माझे डोळे भरून आले, पण मी डोकं ठिकाणावर ठेवलं. "धाकट्या, ऐक," मी म्हटलं. "आता तू तोंड उघडायचं नाहीस. ती डॉक्टर चहा घेऊन येईल, तू मान हलवून 'हिला इथे करमत नाही' एवढंच म्हण. खोटं नाही ते. उद्या घोडी घरी."

त्याने बाईला बघायला घेतलं, नेहमीसारखं. लीद उकरून बघितली, हुंगली. हिरडी दाबली. पायांवरून हात फिरवले, खूर उचलून तळवे बघितले आणि "नालबंद चांगला दिसतो यांचा" असं पुटपुटला. पोटाला कान लावला. मग तो खणाबाहेर गेला आणि ज्याची मला भीती वाटत होती तेच त्याने केलं, बघतच सुटला. पाण्याचं टाकं बघितलं, तळाशी शेवाळ नव्हतं. कुरणात शिरून गवत उपटून चावलं. कुंपणापलीकडे एक म्हातारा पांढरा घोडा होता, तो बाईच्या दिशेने मान लांब करून उभा होता, त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. आमचं मागचं आवार चाळीस पावलांत संपतं, आणि तिथे दुसरा घोडा नाही.

शेवटी तो शेडमध्ये परत आला. खणाच्या डावीकडे एक जुनी खुर्ची होती. तिच्यावरची उशी बसून बसून चपटी झाली होती, हाताशी चहाच्या कपाचे गोल डाग, एक चष्मा, अर्धवट वाचलेलं पुस्तक. डॉक्टर रोज दवाखान्यात जायच्या आधी आणि आल्यावर तिथे बसत असणार. धाकटा त्या खुर्चीत बसला आणि तिथून बाई कशी दिसते ते बघत राहिला.

डॉक्टर चहा घेऊन आली. तिचे डोळे लाल होते, तोंड धुऊन आली होती. "मी ठरवलंय, काका," ती म्हणाली. "तुमच्याकडे ती खाते. आणखी काय बघायचं? उद्याच ट्रक सांगते."

मी चहाचा कप दोन्ही हातांनी घट्ट धरला. मनातल्या मनात मी आवार झाडायला घेतलं होतं.

"डॉक्टर," धाकटा म्हणाला, "तुमची खुर्ची चुकीच्या बाजूला आहे."

मी त्याच्या नावाने काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. डॉक्टरला काही कळेना, म्हणून त्याने खुर्ची उचलून पलीकडे नेऊन ठेवली आणि मग सगळं सांगितलं, कानापासून. ती आत त्या खुर्चीत बसून बघत होती तेवढ्यात मी त्याला शेडबाहेर ओढलं. "तुला अक्कल आहे का? हातात आलेली घालवलीस."

"मी एकसष्टचा आहे ताई," तो म्हणाला. "ती सतराची, नीट ठेवली तर अजून दहा वर्षं काढेल. मला काही झालं तर तिच्या उजवीकडे कोण उभं राहणार? तू? तुला तर वास आवडत नाही." मी काही बोलणार तोच म्हणाला, "पूर्ण घोडा बघायचा म्हणजे हेपण बघायला नको का?"

"आणि तुझं काय?"

"माझं काय," तो म्हणाला आणि परत आत गेला.

मग दुपार त्याने डॉक्टरला शिकवण्यात घालवली. इथे उभं राहायचं, हात इथे ठेवायचा, श्वास लागेल इतकं जवळ. ते लांबलचक नाव सोडा, "पाय, बाई" म्हणा आणि थांबा. डॉक्टरने घाबरत घाबरत म्हटलं. बाईने कान मागे पाडले, पुढे केले, आणि पाय उचलून तिच्या हातात दिला. पन्नाशीची ती डॉक्टर तो खूर धरून शाळकरी पोरीसारखी हसायला लागली. पण खाणं मात्र होईना. डॉक्टरने गवत धरलं की बाई हुंगायची आणि मान उंच करून धाकट्याला शोधायची. तो कोपऱ्यात गेला, दाराआड गेला, तरी तेच.

"मी इथे असेपर्यंत ती तुमच्या हातचं कशाला खाईल?" तो म्हणाला. त्याने पिशवीतून म्होरकी काढून खुंटीला अडकवली. "ही मऊ आहे, हिची सवय आहे तिला." बाईच्या मानेवरून एकदा हात फिरवला, गालावर ठेवला, आणि तो हात तिथून निघेपर्यंत मी दुसरीकडे बघितलं. मग मला म्हणाला, "ताई, तू थांब. खाते का बघ. मी पुढे होतो." आणि तो कुरणाच्या कडेकडेने खडीच्या रस्त्याला लागला. एकदाही मागे वळला नाही.

अर्ध्या तासाने मी थांब्यावर पोचले. तो बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. मी शेजारी टेकले.

"मी निघालो तेव्हा ती माझ्याकडे बघत होती का गं?" त्याने विचारलं.

"हो तर," मी म्हटलं. "तू वळणाआड जाईपर्यंत मान वर करून बघत होती."

त्याने मान हलवली. "तुला धड खोटंही बोलता येत नाही. बघितलं असतं तर ओरडली असती. मी सगळा रस्ता त्या हाकेसाठी हळू चाललो. आली नाही." मग म्हणाला, "तोंडात घास होता. हो ना?"

"हो," मी म्हटलं. "डॉक्टरच्या हातातून खात होती. तू गेलेलं तिला कळलंसुद्धा नाही."

"मग झालं," तो म्हणाला. आणि पिशवी तोंडाशी धरून रडायला लागला, मोठ्याने, हुंदके देऊन, सात महिन्यांचं एकदम. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, माझंही तेच चाललं होतं. बस आली, ड्रायव्हरने दार उघडून आमच्याकडे बघितलं. मी हातानेच त्याला जा म्हटलं. पुढची बस दीड तासाने होती.